सात गोळ्या

"ती डबी दे बरं इकडे, ताई. तुला ते जमायचं नाही."

धाकटीने हे वाक्य किती सहज उच्चारलं! ना आवाज चढवला, ना कपाळाला आठी घातली. प्रवासाची बॅग अजून दारातच होती, बूट अजून पायांतच होते, आणि आल्या आल्या तिने पहिला हात घातला तो बाबांच्या गोळ्यांच्या डबीला... ताईने डबी दिली. न देऊन करते काय? सात वारांचे सात कप्पे, प्रत्येक कप्प्यात सकाळ-संध्याकाळचे दोन खण. ती डबी ताईनेच शोधून आणली होती, एकेक खण स्वतःच्या हाताने भरला होता, आणि बाबांच्या ऑपरेशनपासून आजपर्यंत चौदा दिवसांत एक गोळी इकडची तिकडे होऊ दिली नव्हती. धाकटीने सगळी झाकणं उघडली, गोळ्या टेबलावर ओतल्या आणि पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतल्या. ताईने जणू गोळ्या नव्हे, वाटाणेच भरून ठेवले होते.

आणि बाबा? उशीला टेकून बसलेले बाबा चक्क हसत होते. "आली माझी ठकी," ते म्हणाले. "आता मला कसली आलीय काळजी."

म्हणजे गेले चौदा दिवस काय काळजीचे होते? ताईच्या अंतःकरणात काहीतरी चर्रकन चिरत गेलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिघांच्या चहाचं आधण ठेवलं.

या घराला वर दोन खोल्या आणि खाली शिवणाचं दुकान. दुकान बाबांचं. गल्ली त्यांना मास्तर म्हणते, आणि थोरल्या लेकीला लहान काय, म्हातारं काय, सगळेच ताई म्हणतात. आई गेली तेव्हा ताई सतरा वर्षांची होती आणि धाकटी आठ. ताईने शाळेचं दप्तर खुंटीला अडकवलं ते अडकवलंच. बाबांच्या शेजारच्या मशीनवर बसली, आणि आज शेचाळिसाव्या वर्षीही तिथेच बसलेली आहे. त्या मशीनच्या जोरावर धाकटीचं कॉलेज झालं, धाकटी फार्मासिस्ट झाली, दूरच्या शहरात एका मोठ्या इस्पितळाच्या औषध विभागात लागली आणि तिथेच तिने संसार मांडला. ताईलाही एक स्थळ आलं होतं, शाळेत शिकवणारा शांत माणूस. त्या वर्षी नेमकी धाकटीची परीक्षा होती, आणि ताई 'नको' म्हणाली. तिला 'नको म्हण' असं कुणी सांगितलं नव्हतं, हे खरंच. पण 'अगं वेडे, जा' असंही कुणी म्हटलं नाही, आणि इतकी वर्षं तिच्या काळजात जे सलत होतं ते नेमकं एवढंच होतं.

बरं, बाबांचं कौतुक तरी कुणाच्या वाट्याला? गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की टेप गळ्यात टाकून मास्तरांची टकळी सुरू. "माझी धाकटी मोठ्या इस्पितळात आहे, पांढरा कोट घालून बसते." तो पांढरा कोट ताईनेच शिवून पाठवलेला असायचा. मागच्या मशीनवर बसून ती हे सगळं ऐकायची आणि मान आणखी खाली घालायची. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काय उगाच?

तर बाबांच्या हृदयाची झडप आकसत आली होती. जिना चढताना धाप लागायची, दोनदा तर चक्कर येऊन ते कापडाच्या गठ्ठ्यावर कोसळले होते. डॉक्टरांनी छाती न उघडता जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घातली आणि तिच्यातून नवी झडप नेऊन बसवली. तिसऱ्या दिवशी शहात्तर वर्षांचे बाबा खोलीभर चालत होते. ताईला वाटलं, सुटलो. पण घरी सोडताना डॉक्टरांनी तिला समोर बसवून घेतलं.

"झडप छान बसलीय," ते म्हणाले, "पण आता डोळ्यांत तेल घालून जपायचं ते मेंदूला. यांच्या हृदयाचे ठोके मुळातच अनियमित आहेत. आत रक्त साकळून बारीकशी गुठळी होते, आणि ती वाहत डोक्यात गेली की झटका येतो. सुरुवातीचे महिने तर जास्तच जोखमीचे. रक्त पातळ ठेवणारी ही गोळी सकाळ-संध्याकाळ द्यायची, एकही चुकवायची नाही. रक्तदाब वाढू द्यायचा नाही. आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. घड्याळ बघायचं आणि तडक इकडे आणायचं."

ताईने हे शब्द कानांत साठवले होते. धाकटीने आल्या दिवशी तेच शब्द मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिले आणि कपाटाच्या दारावर चिकटवले. ताई घरातून जाता-येता तो कागद बघायची आणि तिच्या डोक्यात सणक जायची. घरात काय अडाणी माणसं राहतात?

धाकटी दोन महिन्यांची बिनपगारी रजा काढून आली होती, नवऱ्याला आणि मुलीला मागे ठेवून आली होती, हे ताईला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण मत्सराला कुठे कळतं? मीठ कमी करा म्हणून ताई तीन वर्षं घसा कोरडा करत होती, तेव्हा बाबा ताट सरकवून द्यायचे. धाकटीने एकदा नुसतं बोट वर केलं आणि बाबा अळणी आमटी मिटक्या मारत जेवले. ताईने रक्तदाबाचं यंत्र आणलं होतं ते बाबांनी 'हाताला रग लागते' म्हणून माळ्यावर टाकायला लावलं होतं. आता सकाळ-संध्याकाळ स्वतः बाही सरसावून ते धाकटीसमोर हात पुढे करून बसत, आणि आकडा चांगला आला की परीक्षेत पास झाल्यासारखे बघत. रोज आठ वाजता धाकटी त्यांच्या तळहातावर गोळ्या ठेवायची, पाण्याचा पेला द्यायची, घोट घशाखाली उतरेपर्यंत समोर उभी राहायची. "शाब्बास," म्हणायची आणि गोळ्यांच्या वहीत बरोबरची खूण करायची. आणि दाराआडून बघणाऱ्या ताईला स्वतःचीच लाज वाटायची... आपली सख्खी बहीण, आपण कडेवर घेऊन वाढवलेली, आणि तिचा असा जळजळीत हेवा! पण लाज वाटली म्हणून काही हेवा जात नाही.

ऑपरेशनला सहा आठवडे झाले आणि बाबा दिवसाचे दोन तास दुकानात बसू लागले. तेवढ्यात त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक आलं. त्या गृहस्थाच्या लग्नाचा सूट बाबांनीच शिवला होता, आणि आता त्याच्या मुलाचं लग्न होतं. पांढरं शुभ्र लोकरी कापड समोर ठेवून तो म्हणाला, "मास्तर, बाकी काय ते मशीनवर करा, पण काजं तुमच्या हातची हवीत."

हातची काजं! बाबांचा चेहरा असा उजळला की त्यांना 'नाही' म्हणायची ताईची हिंमत झाली नाही. धाकटीनेही कुरकुरत का होईना, परवानगी दिली. कोटाचं बाकीचं काम ताईने केलं आणि शनिवारी बाबांनी सुई हातात घेतली.

सोमवारी सकाळी ताई दुकानाची फळी उघडून आत वळली, तर बाबा पाठमोरे उभे होते आणि तोंडातून काहीतरी काढून रुमालात गुंडाळत होते. ती समोर गेली. रुमालात अर्धवट ओली झालेली ती गोळी होती. रक्त पातळ ठेवणारी.

"बाबा, हे काय करताय?"

बाबा चोरी पकडलेल्या पोरासारखे ओशाळले. मग त्यांनी डाव्या हाताची बोटं तिच्यासमोर धरली. बोटांच्या टोकांवर सुईचे बारीक बारीक काळे ठिपके होते.

"पूर्वी सुई टोचली की बोट चोखलं, संपलं. आता रक्त थांबतच नाही गं. दहा-दहा मिनिटं झिरपत राहतं. शनिवारी कोटावर थेंब पडला. आपल्या रक्ताचा डाग आपल्याच थुंकीने निघतो, म्हणून निघाला. पण दर वेळी निघेलच असं नाही. पांढरं कापड आहे, लोकाच्या लग्नाचं आहे. कालपर्यंत घेतली मी गोळी. आता कोट होईतो चार दिवस फक्त ही एवढी नको."

"पण डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टरला काय ठाऊक काज कशाला म्हणतात." बाबांनी आवाज खाली आणला. त्यांनी तिचा हात हातात घेतला. किती वर्षांनी घेतला असेल! "ठकीला सांगू नकोस. ती सुईच काढून घेईल माझ्या हातातली. तुला कळतं गं. तू माझ्या धंद्यातली आहेस. हे आपल्या दोघांतच राहू दे."

हे आपल्या दोघांतच राहू दे! एकोणतीस वर्षं ज्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून काम केलं, त्याने आज पहिल्यांदा 'आपण दोघं' असा शब्द वापरला, आणि त्या दोघांत धाकटी नव्हती... ताईच्या मनाचा बांध असा फुटला की शहाणपण त्यात कुठल्या कुठे वाहून गेलं. ती ओली गोळी तिने स्वतःच घेतली, कागदात पुडी बांधली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. रोज सकाळी बाबांनी गालात धरलेली आदल्या संध्याकाळची गोळी रुमालातून यायची, आणि आताची तोंडातून. ताई दोन्ही पुडीत घालायची. ती वर गेली की तिला धाकटी मोठ्या विश्वासाने वहीत बरोबरची खूण करताना दिसायची. कर बाई, कर खुणा, ताई मनातल्या मनात म्हणायची. तुझ्या डोळ्यांदेखत काय चाललंय ते तुला कळत नाही, मला कळतं. आणि खरं सांगायचं तर, त्या तीन दिवसांत ती जितकी सुखात होती तितकी कित्येक वर्षांत नव्हती. रात्री झोपताना मात्र कपाटावरचा तो कागद दिसायचा, आणि ती कूस बदलायची. चार दिवसच तर आहेत, असं स्वतःला सांगायची.

गुरुवारी, कोटाचं शेवटचं काज राहिलं होतं तेव्हा, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी बाबांच्या हातातून सुई गळून पडली.

ताईला वाटलं, बोट टोचलं. तिने मान वर केली. बाबा सुई उचलायला खाली वाकत होते, पण उजवा हात हालतच नव्हता. तो मांडीवर दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा पडून होता. "बाबा?" तिने हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं. तोंडाची उजवी कड खाली ओघळली होती. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून शब्द नव्हे, नुसता ओला, बोजड आवाज आला...

ज्या कागदाचा तिने महिनाभर तिरस्कार केला होता त्याची ओळ न् ओळ तिच्या डोळ्यांपुढे लख्ख उभी राहिली. तोंड. हात. बोलणं. तिने घड्याळ बघितलं, बाबांना गठ्ठ्यांना टेकवून बसवलं, पाणीसुद्धा पाजलं नाही, आणि जिन्यातून हाक दिली, "ठके, खाली ये. झटका आलाय." शेजारच्या इस्त्रीवाल्याने कपड्यांची पोती फुटपाथवर फेकून आपली व्हॅन मोकळी केली. वीस मिनिटांत ते इस्पितळाच्या दारात होते.

डोक्याचा फोटो काढून झाला. मेंदूच्या डॉक्टरीणबाई पडदा सारून झपझप बाहेर आल्या. बाईंना वाया घालवायला वेळ नव्हता आणि त्या तसं बोलूनही दाखवत होत्या.

"रक्तस्राव नाही. गुठळी अडकलीय. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण रक्त पातळ करणारं औषध अंगात असेल तर मी ते देऊ शकत नाही. डोक्यात रक्तस्राव होऊन माणूस जाईल. रक्ताची तपासणी लावलीय, पण निकाल यायला वेळ जाईल, आणि एकेका मिनिटाला त्यांचा मेंदू मरतोय. शेवटची गोळी कधी घेतली?"

"आज सकाळी आठला," धाकटी म्हणाली. तिच्या हातात ती वही होती. शब्दांत खात्री होती. "मी स्वतः दिली. माझ्यासमोर गिळली. एकही चुकलेली नाही, हे बघा."

डॉक्टरीणबाईंनी वही बघितली आणि मान हलवली. "मग इंजेक्शन नाही देता येणार. नळी घालून गुठळी काढता येते का ते बघावं लागेल, पण ती फार आतल्या बारीक नसेत आहे. मला खोटी आशा नाही दाखवायची तुम्हाला."

ताई भिंतीला चिकटून उभी होती. तिच्या खांद्याला ती पर्स होती. आणि आता काय सांगायचं, माणसाचं मन किती नीच असू शकतं! त्या भयंकर क्षणीसुद्धा, क्षणाच्याही एका तुकड्यापुरता का होईना, तिच्या मनात विचार चमकून गेला, की गप्प राहिलं तर कुणाला कधीच कळणार नाही. गोळी धाकटीच देत होती. वही धाकटीची होती. बाबांचं जे काही होईल ते धाकटीच्या हातून झालेलं असेल, आणि बाबांनी फक्त आपल्याला सांगितलेलं गुपित मरेपर्यंत आपलंच राहील... आणि बोललं तर? मग बापाच्या जिवावर उठलेली लेक कोण, हे सगळ्या जगाला कळेल.

तिने पर्स उघडली. पुडी उलगडून तळहातावर ओतली आणि तो हात डॉक्टरीणबाईंपुढे धरला.

"घेतली नाही," ती म्हणाली. "आजची नाही. कालचीही नाही. रविवारी संध्याकाळी घेतली तीच शेवटची. सोमवारपासून ते गोळी गालात धरून ठेवत होते. मला माहीत होतं."

धाकटीने वळून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन करायचं कारण नाही.

"नक्की?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "तुमचं चुकलं, तर मी त्यांना माझ्या हाताने मारेन."

"यातली एकेक गोळी त्यांनी माझ्या हातावर ठेवलीय, बाई."

डॉक्टरीणबाई धाकटीकडे वळल्या. "तुम्ही फार्मासिस्ट ना? बघा, हीच आहे?"

धाकटीने बहिणीच्या तळहातावर मान झुकवली. अर्धवट विरघळलेल्या, पुन्हा वाळलेल्या, आकार गेलेल्या गोळ्या... तिने एकेक बोटाने सरकवली, उजेडात धरून त्यावरची खूण बघितली. जणू वहीतली एकेक बरोबरची खूण ती स्वतःच्या हाताने खोडत होती.

"हीच आहे," ती म्हणाली. "दिवसाला दोन. सोमवार, मंगळवार, बुधवार सहा. आजची सकाळची एक. सात आहेत. बरोबर आहे. द्या इंजेक्शन."

पडदा मिटला. दोघी बहिणी बाहेरच्या बाकावर बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. शेवटी धाकटीच बोलली, समोरच्या भिंतीकडे बघत.

"का, ताई?"

काय सांगायचं होतं? पांढरं कापड, सुईचे ठिपके, लोकाचं लग्न, सगळं सांगून झालं. पण 'का'चं उत्तर त्यात नव्हतं, आणि हे दोघींनाही कळत होतं.

"त्यांनी मला सांगितलं होतं, म्हणून," ताई म्हणाली. आज सगळं ओकूनच टाकायचं, असं तिने ठरवलं होतं. "तुला नाही, मला. आयुष्यात एकदा त्यांनी तुला वगळून मला काहीतरी दिलं. ते मला सोडवेना. मला तुझा हेवा वाटतो, ठके. तू आलीस, डबी घेतलीस, त्या दिवसापासून नाही. तू नऊ वर्षांची असताना पहिला नंबर आणलास आणि बाबांनी तुला खांद्यावर घेऊन गल्लीभर फिरवलं, त्या दिवसापासून. तुझा फ्रॉक मी शिवला होता. कुणी बघितला नाही."

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते रागाचं की दुःखाचं हे सांगणं कठीण होतं.

"मी त्यांना रोज विचारत होते," ती म्हणाली. "रोज, ताई. काही त्रास होतो का, कुठे रक्त येतं का, हिरड्यांतून, लघवीतून. ते म्हणायचे, छे गं, ठणठणीत आहे. मला खोटं सांगायचे, आणि तुला बोटं दाखवली. चार दिवस आधी मला ती बोटं दिसली असती तर मी डॉक्टरांना विचारलं असतं. बोटाला पट्टी बांधून शिवा म्हणाले असते, बस. एवढंसं होतं." ती थांबली. "मला ते घाबरतात. माझ्यासमोर शहाण्यासारखे वागतात, पाहुण्यासमोर वागावं तसे. तीस वर्षांत त्यांनी माझ्याजवळ कधी एखादी चूक कबूल केली नाही. खरा माणूस तुझ्या वाट्याला आला आणि माझ्या वाट्याला त्याची शाबासकी आली. आणि येताक्षणी मी तुझ्या हातातून डबी ओढून घेतली... तुला विचारलंसुद्धा नाही, की ताई, तू कसं करत होतीस."

"मी तुझी क्षमा मागायच्याही लायकीची नाही," ताई म्हणाली.

"नाहीच आहेस," धाकटी म्हणाली. "आत्ता नाही मला जमायचं. पण तू आत गप्प बसली असतीस तर मला आयुष्यात कधीच जमलं नसतं." आणि तिने मधल्या जागेवर सरकून ताईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. लहानपणी शाळेतून दमून आली की टेकायची तसंच. ताईने हालचाल केली नाही. खांदा अवघडून गेला तरी केली नाही.

तासाभराने बाबांची उजवी करंगळी हलली. संध्याकाळी हात कोपरापर्यंत उचलला गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणलंत आणि खरं बोललात म्हणून एवढं तरी वाचलं. बाकीचं व्यायामाने येईल, वेळ लागेल, सुई धरणं कदाचित नाहीच यायचं. ताईने ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि पदराने तोंड दाबून धरलं.

बाबांना शुद्ध होती, पण बोलणं अडत होतं. आणि ताईकडे ते बघत नव्हते. धाकटीने त्यांना सगळं सांगितलं होतं, सात गोळ्यांचंही. दोन दिवस ताई खाटेच्या पायथ्याशी बसली, त्यांचे पाय चेपले, आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिने मनाशी ओळखलं. गुपित फोडलं, आता मी कुणीच नाही. जीव वाचला ना, बस्स. त्याच्या बदल्यात माझी जागा गेली, तर जाऊ दे... असं ती स्वतःला समजावत होती, आणि राहिलेलं काज पूर्ण करायला तिने आणलेला कोट मांडीवर तसाच पडून राहत होता, कारण डोळे भरून आले की टाका दिसत नाही.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. रक्त पातळ करणारी गोळी आता पुन्हा सुरू करायची होती, जपून, ठरल्या वेळेला.

"घरी गेल्यावर गोळ्या कुणाच्या ताब्यात राहणार?" त्यांनी विचारलं. "एकच माणूस हवा. मागच्यासारखं नको."

"माझ्या," धाकटी म्हणाली. "मी रजा वाढवून घेते."

खाटेवरून नकाराचा आवाज आला. बाबांनी मान हलवली. त्यांचा डावा हात पांघरुणातून बाहेर आला, हवेत जरासा चाचपडला आणि पायथ्याशी बसलेल्या ताईकडे वळून थांबला.

"मी नको, बाबा," ताई घाईघाईने म्हणाली. "माझ्यामुळेच तर हे सगळं झालं. मी लपवलं होतं."

बाबांचे ओठ हलू लागले. एकेक शब्द जड पोतं उचलावं तसा ते वर आणत होते, घामाने कपाळ भिजलं, धाकटीने पुढे होऊन त्यांच्या छातीवर हात ठेवला, "राहू द्या, बाबा, मग बोला." पण ते राहू देणार नव्हते. झटक्यानंतरचं त्यांचं ते पहिलंच सबंध वाक्य होतं.

"हिच्या... तोंडात... तीळ... भिजत... नाही."

क्षणभर खोलीत कुणालाच काही कळलं नाही. मग डॉक्टरीणबाई फिसकन हसल्या, आणि बाबांच्या तोंडाची सरळ असलेली बाजूही हसत होती, आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. "चार दिवस," ते कसेबसे म्हणाले. "चार दिवस नाही... ठेवता आलं. माझ्या... जिवापायी." आणि तो डावा हात, जो नुसता दाखवायला वर आला होता, तो आता बोलावत होता.

ताई उठली, आणि त्या हातावर कपाळ टेकून, गेली एकोणतीस वर्षं जे रडायचं राहिलं होतं ते सगळं रडली.

बऱ्याच वेळाने तिने मान वर केली तेव्हा धाकटी घरून आणलेली गोळ्यांची डबी पुढे करून उभी होती. "घे बाई," ती हसून म्हणाली. "तुमच्या दोघांत कोण पडणार."

हसत होती खरी. पण त्या आवाजातला तो बारीकसा कडवटपणा दुसऱ्या कुणाच्या लक्षात आला नसता. ताईच्या आला, कारण ती चव तिच्या जिभेवर जन्मभर होती. आठ दिवसांपूर्वी तो कडवटपणा ऐकून तिला गुदगुल्या झाल्या असत्या. आज तिने डबी घेतली आणि खाटेच्या कडेवर जरा पुढे सरकली.

"बस इथे," ती म्हणाली. "आणि मला शिकव. ही सकाळची कोणती, आणि संध्याकाळची कोणती?"

तिला सगळं तोंडपाठ होतं. धाकटीलाही ते माहीत होतं. ती बसली, आणि पहिल्या गोळीपासून समजावून सांगू लागली.